छोटं कुत्रं घरभर सू करतंय? आधी पायपुसणी उचला

(एका हातात पायपुसणं, दुसऱ्या हातात पॅड)

नमस्कार मंडळी. हे आमच्या बाथरूमबाहेरचं पायपुसणं, आणि हे पिल्लांसाठी मिळणारं सू-पॅड. डोळे मिटून दोन्हींवरून हात फिरवा. दोन्ही मऊ, दोन्ही पाणी शोषणारी, दोन्ही लादीवर चौकोनी पसरलेली. आता तीन महिन्यांच्या पिल्लाला यातलं नेमकं कुठलं आपलं, हे कसं कळावं?

आमची चिकू, शिह त्झू या छोट्या जातीची, घरी आली तेव्हा रोज पायपुसण्यावर सू करायची. पॅड दोन हातांवर, पण ही पायपुसण्यावरच. मी ओरडले, आणि एकदाच नाही, पुष्कळदा ओरडले. मग ती सोफ्यामागे जाऊन करायला लागली. मी ओरडत होते जागा चुकली म्हणून, आणि तिच्या मनात बसलं की हिच्यासमोर करायचीच नाही. पुढे पॅडवर नेऊन उभी केली तरी माझ्याकडे बघत नुसती थरथरायची. ती भीती जायला कितीतरी दिवस लागले. म्हणून हात जोडून सांगते, ओरडू नका, मारू नका, पिल्लाचं नाक सूमध्ये तर अजिबात घासू नका.

लहान जातीच्या कुत्र्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. मूत्राशय इवलंसं, त्यामुळे सारखी लागते. शिवाय लॅब्रॅडॉरने हॉलमध्ये सू केली तर घरभर आरडाओरडा होतो, पण चिकूची सू म्हणजे बशीएवढं ओलं. आपण फडकं फिरवतो, "एवढंसं तर आहे" म्हणतो आणि कामाला लागतो. असं दिवसातून चार वेळा झालं की पिल्लाची चार वेळा उजळणी झाली, आणि तीही चुकीच्या जागेची.

मग करायचं काय? पहिलं, सगळी पायपुसणी, सतरंज्या, जमिनीवरच्या गाद्या उचला. महिनाभर पाय ओले राहिले तरी चालतील. दुसरं, फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि चार दिवस वेळा लिहा: कधी खाल्लं, कधी झोपली, कधी सू, कधी शी. चौथ्या दिवशी कागदच तुमच्याशी बोलायला लागतो. झोपून उठल्याबरोबर सू ठरलेली. खाल्ल्यावर साधारण पंधरा ते तीस मिनिटांत काहीतरी होणारच. आणि खेळ रंगात आला की पिल्लू अचानक थांबून जमीन हुंगायला लागतं, गोल फिरतं. त्या क्षणी उचलून पॅडवर. बाकीच्या वेळेचा ढोबळ हिशेब असा, जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास ते फार तर धरू शकतं. जागं असताना, खेळताना त्याहून खूपच कमी.

तुमचं लक्ष नसेल तेव्हा पिल्लाला अख्खा फ्लॅट मोकळा देऊ नका. एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण घाला, त्यात एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला पॅड. कुत्रं झोपायची जागा सहसा घाण करत नाही. मात्र पिल्लू अरुंद पिंजऱ्यात वाढलेलं असेल, तर तिथे त्याला झोपायचं तिथेच करावं लागलेलं असतं. अशा पिल्लाला जास्त वेळ द्या, त्यात त्याचा काही दोष नाही.

आता बक्षीस. सू संपली की दोन सेकंदांत तोंडात खाऊ गेला पाहिजे. तुम्ही फ्रिज उघडून डबा शोधेपर्यंत पिल्लू पॅडवरून उतरून चप्पल हुंगत असतं, मग त्याला वाटतं खाऊ चपलेचा. म्हणून उकडलेल्या चिकनचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे पॅडजवळच उंचावर ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा. आजी "शू", बाबा "कर लवकर" आणि ताई इंग्रजीत, असं नको.

पॅड शेवटी बाथरूममध्ये किंवा गॅलरीत न्यायचं असेल तर रोज वीतभरच सरकवा. एकदम हलवलंत तर पिल्लू जुन्याच जागी जाईल, फक्त आता तिथे पॅड नसेल.

पुसण्याबद्दल मात्र नीट ऐका. फिनेलचा वास आपल्या नाकाला पुरतो, कुत्र्याच्या नाही. त्याखालचा सूचा वास त्याला येतच राहतो. वर ओल्या लादीवरून चालून ते पंजे चाटतं, ते वेगळंच. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच, त्याचा वास सूच्याच जवळचा. पाळीव प्राण्यांसाठी एन्झाइमवालं, म्हणजे वास आणणारे घटकच तोडणारं, क्लीनर मिळतं, ते ओतून बाटलीवर लिहिलंय तितका वेळ तसंच राहू द्या, मग टिपा. सूचे वाळलेले बारीक कण साध्या पाण्याने पुरते जात नाहीत, आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा वास सोडतात. मे महिन्यात शहाणं झालेलं कुत्रं जुलैत त्याच कोपऱ्यात परत का जातं, त्याचं एक कारण हे.

पावसाळ्याचं दुसरं कारण म्हणजे या लहान जातींची पोटं जमिनीला लागतात, ओलं गवत त्यांना नको वाटतं. बाहेर जायची सवय असली तरी घरातलं पॅड पूर्ण बंद करू नका. आणि लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, सोसायटीच्या आवारात खाली सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाची भीती खरी आहे. कडेवर घेऊन फिरवा.

एक शेवटचं. शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं, थेंबथेंब करायला लागलं, सूमध्ये रक्त दिसलं, तर ते शिकवण्याचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. संसर्ग असू शकतो, आणि शिह त्झूसारख्या जातींत मुतखडेही होतात. त्यातून नर कुत्रा पाय वर करून जोर लावतोय आणि काहीच येत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.