पृथ्वीची सावली चंद्रावर नेमकी कधी पडते?

[दृश्य: दुपारचं निळं आकाश. आग्नेयेला फिकट अर्धा चंद्र.]

शुद्ध अष्टमी. दुपारचे साडेचार. सूर्य पश्चिमेकडे कललाय आणि आग्नेयेला अर्धा चंद्र वर आलाय. चंद्राचा उरलेला अर्धा भाग कुठे गेला, असं विचारलं की बहुतेक जण चटकन सांगतात, "पृथ्वीच्या सावलीत."

पण सावली सूर्याच्या बरोबर उलट दिशेला पडते. सूर्य पश्चिमेला एवढा वर असताना पृथ्वीची सावली पूर्व क्षितिजाच्या खाली असते, आणि चंद्र तर वर आकाशात आहे, सूर्यापासून काटकोनात. सावली त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

गच्चीवर एक पांढरा चेंडू घेऊन या. हात लांब करून तो चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरा. चेंडूवर ऊन पडलं पाहिजे. टाकीच्या सावलीत उभं राहून काही दिसणार नाही. चेंडूचा जेवढा भाग उजळलाय, तेवढाच चंद्राचाही उजळलेला दिसेल, आणि त्याच बाजूचा. दोघांवर एकच ऊन पडतंय आणि दोघांकडे आपण एकाच दिशेनं बघतोय. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजेडात असतो. त्यातला किती आपल्याकडे वळलाय, तेवढीच कला आपल्याला दिसते.

[दृश्य: अंधारी खोली. डोक्याच्या उंचीवर एक उघडा बल्ब.]

महिनाभराच्या कला खोलीतही दाखवता येतात. खोलीत बल्ब एकच हवा. ट्यूबलाइट नको, ती लांब असते, त्यामुळे उजेड आणि काळोख यांच्यातली कड पुसट होते. चेंडू थर्माकोलचा घ्या आणि विणकामाच्या सुईला टोचा. टेबल टेनिसचा चेंडू इथे फसवतो: त्याच्यातून उजेड आरपार झिरपतो आणि काळी बाजूही उजळते. पांढऱ्या भिंतीजवळ उभे राहिलात तरी तेच होतं.

बल्बकडे तोंड करा, ही अमावस्या. आता हात ताठ ठेवून डावीकडे वळत जा. चेंडूच्या उजव्या कडेला कोर उमटेल. पाव फेरी झाली की उजवा अर्धा भाग उजळेल. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. नव्वद अंशांना साडेसात तिथ्या. म्हणून बरोब्बर अर्धा चंद्र अष्टमी निम्मी सरताना होतो. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश सरकतो, सूर्यही त्याच दिशेनं एक अंश सरकतो, फरक बाराचा. नक्षत्रांमधून चंद्राची फेरी २७.३ दिवसांत पुरी होते, पण पुढे गेलेल्या सूर्याला पुन्हा गाठायला त्याला २९.५ दिवस लागतात.

आणखी पाव फेरी वळलात की बल्ब पाठीशी येतो. इथे हमखास चूक होते. चेंडू डोळ्यांच्या रेषेत धरला, तर तुमच्याच डोक्याची सावली त्याच्यावर पडते आणि पौर्णिमा काळी होते. हात थोडा उंच करा, पूर्ण चंद्र दिसेल. पण ती चूकही एकदा मुद्दाम करून बघा. तेच चंद्रग्रहण.

[दृश्य: शाळेचा व्हरांडा, जमिनीवर खडूच्या रेघा.]

मग दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? याचं उत्तर खऱ्या प्रमाणात मांडल्याशिवाय पटत नाही. पुस्तकांतल्या आकृत्यांत चंद्र पृथ्वीला चिकटून काढलेला असतो, घोटाळा तिथेच होतो.

४ सेंटिमीटरचा चेंडू म्हणजे चंद्र धरा. मग पृथ्वी होते १४.७ सेंटिमीटरची, पुठ्ठ्याची चकती कापली तरी चालेल. दोघांमधलं अंतर ४ मीटर ४२ सेंटिमीटर. तेवढ्या लांब पृथ्वीची दाट छाया निमुळती होत साडेदहा सेंटिमीटरची उरते. चंद्राची कक्षा मात्र सूर्याच्या मार्गाशी ५ अंशांहून थोडी जास्त कललेली आहे, म्हणजे या व्हरांड्यात चेंडू मधल्या पातळीपासून ४० सेंटिमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. दाट छायेचा स्पर्श व्हायला तो मधल्या पातळीच्या साधारण ७ सेंटिमीटर आत हवा, आणि खग्रास व्हायला ३ सेंटिमीटरच्या आसपास. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

चंद्राची वाट सूर्याच्या मार्गाला जिथे छेदते, ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. सूर्य यांतल्या एकाजवळ असताना पौर्णिमा आली, तरच चंद्र सावलीत सापडतो; तोच ग्रहणांचा हंगाम. हे बिंदू उलट दिशेनं सरकतात आणि १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. त्यामुळे सूर्य एकाच बिंदूपाशी ३४६.६ दिवसांनी परत येतो, आणि ग्रहणांचा हंगाम दर वर्षी साधारण १९ दिवस अलीकडे सरकतो.

[दृश्य: तांबडा पडत जाणारा चंद्र. पडद्यावर वेळा.]

७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श. ११ वाजून १ मिनिटाला संमीलन, म्हणजे चंद्र पूर्ण आत. ११:४२ ला मध्य, १२:२३ ला उन्मीलन, म्हणजे चंद्र बाहेर यायला सुरुवात, १:२६ ला मोक्ष, म्हणजे दाट छायेतून पूर्ण सुटका. खग्रास अवस्था ८२ मिनिटं. ८:५८ पासूनच चंद्र दाट छायेभोवतीच्या विरळ छायेत शिरला होता, पण तासभर डोळ्यांना फारसं काही कळत नाही. स्पर्शाच्या थोडं आधी कड धुरकटल्यासारखी होते, एवढंच. खग्रासातही चंद्र नाहीसा होत नाही. पृथ्वीच्या वातावरणात निळा उजेड विखुरला जातो आणि तांबडा वाकून सावलीत शिरतो.

तिथून १७७ दिवसांनी, सहा पौर्णिमा ओलांडून, ३ मार्च २०२६ ला पुन्हा खग्रास. या वेळी मोक्ष संध्याकाळी ६:४८ ला. नागपुरात चंद्र मुंबईपेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो, म्हणून तिथे सुटत आलेल्या ग्रहणाची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं वाट्याला येतात. मुंबईत चंद्र वर येईपर्यंत ग्रहण जवळजवळ सुटलेलंच. एकच ग्रहण, एकच राज्य, तरी असा फरक. म्हणून पंचांगात ग्रहणाच्या वेळेसोबत आपल्या गावाचा चंद्रोदयही बघायचा.

६ जुलै २०२८ च्या मध्यरात्रीच्या सुमाराला खंडग्रास आहे, पण ते ऐन पावसाळ्यात. खरी संधी ३१ डिसेंबर २०२८ ची: खग्रास, मध्य रात्री १०:२२ ला, आणि डिसेंबरात आकाश बहुधा निरभ्र.

त्या रात्री एक मोजमाप जरूर करा. चंद्र निम्मा झाकला असताना मोबाइल तिपाईवर लावून फोटो काढा. स्क्रीनवर चंद्रावर बोट ठेवून उजेड कमी करायला विसरू नका, नाहीतर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका येतो आणि सावलीची कड उडून जाते. फोटो छापून घ्या, कंपास घ्या आणि सावलीच्या कडेवरून चाप पुढे वाढवत वर्तुळ पुरं करा. कड पुसट असते, म्हणून तीन-चार फोटोंवर करून सरासरी घ्या. वर्तुळाचा व्यास चंद्राच्या साधारण पावणेतीन पट भरेल. अष्टमीच्या फोटोवर हेच करायला गेलात, तर कंपास टेकवायला जागाच सापडत नाही: ती कड सरळ रेघ असते.