कुऱ्हाडीचा दांडा

श्रोतेहो, नमस्कार. भूमिगत म्हटलं की आपल्याला बेचाळीस आठवतं, सातारा आठवतो, पत्री सरकार आठवतं. आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, रशिया आणि पोलंड यांच्या मधल्या बेलारूस देशात, त्याच्या पश्चिम भागात.

1921 साली रिगा शहरात तह झाला आणि बेलारूस मधोमध चिरला गेला. पूर्वेकडचा तुकडा सोव्हिएतांकडे, पश्चिमेकडचा पोलंडकडे. पश्चिमेकडचा पोलंडकडे, एवढं ध्यानात ठेवा, कारण आपली गोष्ट तिकडची आहे. पोलंडने तिथल्या बेलारूसी शाळा एकेक करून बंद पाडल्या. म्हणजे मातीही गेली आणि शाळेतली भाषाही. आमच्या बेळगावच्या श्रोत्यांना यावर वेगळं सांगायला नको.

तिथे 1924 मध्ये तरुण पोरापोरींनी एक गुप्त संघटना काढली : पश्चिम बेलारूसचा कम्युनिस्ट युवक संघ. शेतकऱ्याला जमीन आणि पोरांना आपल्या भाषेतली शाळा, या त्यांच्या ठळक मागण्या. कामं काय, तर रात्री पत्रकं वाटायची आणि एक मेच्या आदल्या रात्री तारेवर लाल निशाण लटकवायचं. सकाळी पोलीस ते काढायला धडपडणार आणि अख्खा गाव मजा बघणार. पहिल्या पुढाऱ्यांत एक मुलगी होती, वेरा खारुझाया. चोरवाटेने सरहद्द ओलांडून आली आणि 1925 मध्ये पकडली गेली. तेव्हा ती बाविशीच्या उंबरठ्यावर होती. तुरुंगातून तिने लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपात आली.

आता मला जी सांगायची आहे ती गोष्ट. 27 जानेवारी 1936. विल्ना शहर, म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी, तेव्हा पोलंडमध्ये. न्यायालयात कम्युनिस्टांवर खटला चालू आहे. साक्षीदार आहे याकव स्त्रेल्चुक. हा कोण? चळवळीतलाच माणूस, पोलिसांना फितूर झालेला. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांचीच नावं घेतोय. आपण म्हणतो ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

आपल्याकडे फितूर म्हटलं की लगेच सूर्याजी पिसाळ. खरं तर त्यात सूर्याजीवर अन्याय झाला असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला वाटतं, रायगड ज्यांनी लढवला त्यांतली चार नावं आपल्याला सांगता येत नाहीत, हे एक नाव मात्र पाठ. असो, ते पुन्हा कधीतरी.

तर न्यायालय. बघ्यांत एक पोरगा आहे, सेर्गेइ प्रितित्स्की, वय बावीस. याच युवक संघात तयार झालेला. पिस्तूल घेऊन आत आलाय. साक्ष सुरू असताना त्याने भर न्यायालयात, न्यायाधीशांसमोर, फितुरावर गोळ्या झाडल्या. स्त्रेल्चुक जखमी झाला, पण वाचला. बघा, वाचला! आणि पोलिसांच्या गोळ्यांनी प्रितित्स्कीची मात्र चाळण झाली. डॉक्टरांनी त्याला जगवलं, आणि मग न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. मरणाऱ्याला वाचवायचं ते फाशी द्यायला! पोलंडमध्ये आणि बाहेरही निषेध झाले, तेव्हा कुठे फाशीची जन्मठेप झाली.

आणि खरी मेख पुढेच आहे. तो जन्मठेपेत आणि 1938 साली मॉस्कोहून कॉमिन्टर्नचा, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मध्यवर्ती संघटनेचा, हुकूम निघाला : पोलंडचा कम्युनिस्ट पक्ष बरखास्त. त्याबरोबर पश्चिम बेलारूसचा पक्षही गेला आणि युवक संघही गेला. कारण काय दिलं? यात शत्रूचे हेर शिरलेत! फितुरावर गोळी झाडणारा पोरगा गजाआड आणि त्याची अख्खी संघटनाच फितूर. वेराचं तर आणखी वाईट. कैद्यांच्या अदलाबदलीत 1932 मध्ये ती सोव्हिएत देशात पोचली होती. 1937 मध्ये तिला तिथे अटक झाली. आरोप? पोलंडची हेर. पोलंडचाच तुरुंग भोगून आलेली बाई! दोन वर्षांनी निर्दोष सुटली, आणि 1942 मध्ये बेलारूसच्या वित्येब्स्क शहरात गुप्त काम करताना जर्मनांच्या हाती सापडून मारली गेली.

प्रितित्स्की सप्टेंबर 1939 मध्ये युद्धाच्या धामधुमीत सुटला. पुढे चढत चढत 1968 मध्ये सोव्हिएत बेलारूसच्या सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अध्यक्षमंडळाचा अध्यक्ष झाला. संघटनांची ती बरखास्ती निराधार होती, हे 1956 मध्ये मान्य केलं गेलं होतं. म्हणजे अठरा वर्षांनी. बेलारूसची राजधानी मिन्स्क, तिच्या पश्चिम भागातल्या एका लांबलचक रस्त्याला आज प्रितित्स्कीचं नाव आहे.