पोकलेनला टॉर्क हेड लावून स्क्रू पाइल बसवताना: टॉर्क, होज आणि हमखास चुकणाऱ्या जागा

[कॅमेऱ्यासमोर. मागे आठ टनी पोकलेन, आर्मला टॉर्क हेड लटकलेलं.]

नमस्कार. हे आठ टनांचं पोकलेन. याची बकेट काढली आहे आणि तिच्या जागी जे जाडजूड नळकांडं लटकतंय, ते टॉर्क हेड. वर हायड्रॉलिक मोटर, खाली प्लॅनेटरी गिअरबॉक्स, आणि सगळ्यात खाली चौकोनी आउटपुट शाफ्ट. या शाफ्टला स्क्रू पाइल, म्हणजे खाली स्क्रूसारखी पाती वेल्ड केलेला पायासाठीचा लोखंडी पाइप किंवा सळी, अडकवायचा आणि जमिनीत पिळत न्यायचा. खड्डा नाही, काँक्रीट नाही, मातीचा ढीग नाही.

स्क्रू पाइल चांगला की खोल भोक पाडून काँक्रीट ओतलेला बोअर पाइल, हा वाद आज नको. आज फक्त या जोडणीबद्दल बोलू. पाइल बसवून झाल्यावर तो किती भार घेईल, हे साइटवर उभ्या उभ्या सांगणारा एकच आकडा असतो: बसवताना लागलेला टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. तो आकडा या हेडमधून येतो. जोडणी चुकीची असेल तर पाइल जमिनीत जाईल, दिसायला उत्तम बसेल, आणि तुमच्या वहीत मात्र खोटी क्षमता लिहिली जाईल.

सुरुवात भारापासून करायची, हेडच्या कॅटलॉगपासून नाही. समजा एका खांबाखाली 100 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 10 टन भार आहे. सुरक्षा गुणांक 2 धरला, तर पाइलची अंतिम क्षमता, म्हणजे तो खचण्याआधीचा कमाल भार, 200 किलोन्यूटन हवी. आता क्षमता आणि टॉर्क यांना जोडणारा एक अनुभवसिद्ध गुणक आहे, त्याला के-टी म्हणतात. 38 मिलिमीटरच्या चौकोनी सळीसाठी तो साधारण 33 प्रति मीटर, 73 मिलिमीटर पाइपसाठी 30, आणि 89 मिलिमीटर पाइपसाठी 23. पाइप जाड होत जातो तसा गुणक उतरतो, कारण टॉर्कचा मोठा वाटा पात्यांऐवजी पाइपच्या अंगावर घासणाऱ्या मातीत खर्च होतो.

[स्क्रीनवर: 200 भागिले 23 = 8.7 किलोन्यूटन-मीटर]

आपण 89 चा पाइप घेतला. 200 ला 23 ने भागलं, 8.7 किलोन्यूटन-मीटर आले. शेवटच्या टप्प्यात एवढा टॉर्क टिकून मिळाला पाहिजे. आता हेड निवडा.

हेडचं गणित सोपं आहे. मोटरच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक बारमध्ये, त्याला मोटर एका फेऱ्यात जेवढे सीसी तेल घेते त्याने गुणा, 62.8 ने भागा, गिअर रेशोने गुणा आणि कार्यक्षमतेने गुणा. उत्तर न्यूटन-मीटरमध्ये. 200 सीसीची मोटर, 25 ला 1 गिअरबॉक्स, 200 बारचा फरक, कार्यक्षमता 85 टक्के: उत्तर येतं साधारण 13,500, म्हणजे 13.5 किलोन्यूटन-मीटर. आपल्याला 8.7 लागणार. मध्ये एखादा कडक थर लागला तरी हात आखडावा लागणार नाही. गरज 8.7 ची आणि हेड 9 चं, असं कधीही घेऊ नका.

वेग येतो फ्लोमधून. मिनिटाला 100 लिटर तेल दिलं तर ही मोटर 500 फेरे घेते, 25 ने भागले की 20. गळती धरून 18 समजा. स्क्रू पाइलसाठी 10 ते 20 फेरे योग्य. आता हेच हेड कुणी वीस टनी मशिनला लावलं आणि ऑक्झिलरी फ्लो (जोडलेल्या अवजाराला जाणारं तेल) न उतरवता सुरू केलं, तर 200 लिटरला तेच हेड 40 फेऱ्यांनी फिरतं. पातं माती कापत खाली जाण्याऐवजी तिथेच घुसळतं. मोठं मशिन म्हणजे चांगलं काम, हा समज इथे उलटा पडतो. मॉनिटरवर फ्लो कमी करता येतो, तो करायचा.

लहान मशिनची अडचण वेगळी. हेड पाइलला जेवढं पिळतं, तेवढंच पाइल मशिनला उलटं पिळतो. तो पीळ आर्ममधून, बूमच्या पिनांमधून, वरचं मशिन फिरवणाऱ्या स्विंग गिअरपर्यंत जातो. म्हणून मशिनच्या माहितीपत्रकात स्विंग टॉर्क बघा. हेडचा कमाल टॉर्क त्याच्या जवळपास जात असेल, तर पाइल दगडाला अडला की वरचं मशिन गरकन फिरतं, आणि तेव्हा आर्मच्या टप्प्यात कुणी उभं असेल तर काय होईल ते सांगायला नको.

[हेडवरच्या होजजवळ कॅमेरा]

आता हायड्रॉलिक. सगळ्यात जास्त घोटाळा इथे.

आपल्याकडच्या बऱ्याच पोकलेनवर ब्रेकर लाइन, म्हणजे दगड फोडणाऱ्या हातोड्याला तेल देणारी लाइन, असते. ऑपरेटर म्हणतो, लाइन आहे की, जोडून टाकू. पण ब्रेकर लाइन एकाच दिशेने तेल देते. हेड फक्त सुलट फिरेल, उलट नाही. आणि उलट फिरवणं फक्त पाइल काढण्यापुरतं नसतं. पाइल थांबवला की पाइपमध्ये पीळ साठलेला असतो, त्यामुळे हेड आणि पाइल जोडणारी पिन घट्ट आवळून बसते. किंचित उलट फिरवलं की पीळ सुटतो आणि पिन हाताने निघते. उलट फिरवायची सोयच नसेल, तर माणसं त्या पिनेवर घण मारतात आणि सुटताना पाइल झटका देतो. तेव्हा दोन्ही दिशांना चालणारी ऑक्झिलरी लाइन हवीच.

दुसरी गोष्ट, तिसरा बारीक होज: केस ड्रेन. मोटरच्या आत झिरपलेलं तेल तो टाकीत परत नेतो. तो मुख्य रिटर्न लाइनला टी मारून जोडायचा नाही, सरळ टाकीला न्यायचा. रिटर्न लाइनमध्ये दाब असतो आणि मोटरचं शाफ्ट सील मोजकेच बार सोसतं. टी मारली की सील फुटतं आणि तेल गिअरबॉक्समध्ये शिरतं. बाहेर काही दिसत नाही, फक्त काही दिवसांनी गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) तेल यायला लागतं. ते दिसलं की आधी केस ड्रेन तपासा. कपलर पूर्ण बसलेला नसणं हेही तितकंच नेहमीचं कारण. केस ड्रेनचा कपलर सगळ्यात आधी जोडायचा आणि सगळ्यात शेवटी काढायचा.

तिसरी गोष्ट गेज. बहुतेक जण इनलेट होजवर एक गेज लावतात आणि हेडसोबत आलेल्या तक्त्यात बघून टॉर्क लिहितात. तक्ता प्रेशरच्या फरकावर असतो. समजा इनलेटला 230 बार दिसतात. रिटर्नचा होज बारीक आहे, फिल्टर तुंबायला आलाय, म्हणून आउटलेटला 40 बार आहेत. खरा फरक 190.

[स्क्रीनवर: 230 बार धरले तर 15.6. 190 बार धरले तर 12.9.]

फक्त इनलेट वाचलं तर 15.6 किलोन्यूटन-मीटर, प्रत्यक्षात 12.9. 2.7 चा फरक. 23 ने गुणा: 62 किलोन्यूटन अंतिम क्षमता, म्हणजे सुरक्षित भारात एका पाइलमागे तीन टनांची थाप. दोन गेज लावा आणि वजाबाकी करा. त्याहून चांगलं म्हणजे हेड आणि पाइल यांच्या मध्ये बसणारा टॉर्क सेन्सर, जो तेलाकडे न बघता शाफ्टचा पीळच मोजतो. महाग आहे, पण तेल तापलं, मोटर झिजली, तरी त्याचा आकडा हलत नाही. दोन स्पीडची मोटर असेल तर प्रत्येक स्पीडचा तक्ता वेगळा, हेही ऑपरेटरला बजावून ठेवा.

आणि रिलीफ, म्हणजे ठरलेल्या दाबाला तेल सोडून देणारा व्हॉल्व्ह. समजा तुमच्या 89 च्या पाइपची टॉर्क मर्यादा उत्पादकाने 15 दिली आहे. आपल्या हेडच्या हिशेबाने ते साधारण 222 बार होतात. मग ऑक्झिलरीचा रिलीफ 210 वर सेट करायचा. पाइप पिळवटून तुटण्याआधी हेड थांबलं पाहिजे.

[पाइल उभा करताना]

आता बसवणं. जागा आखली, खालून वीज, पाणी, गॅसची लाइन जात नाही याची खात्री केली. नकाशावर विसंबू नका, हाताने मीटरभर चर खणून बघा. वर तारा आहेत का तेही बघा, कारण तीन मीटरचा पाइल, त्यावर हेड आणि वर आर्म, ही उंची बकेटच्या सवयीने लक्षात येत नाही.

हेड आर्मला दोन प्रकारे लावतात. एका पिनेवर लटकणारं, जे फक्त पुढे-मागे झुलतं, किंवा दोन दिशांना झुलणारं. शक्य असेल तर दुसरं घ्या, ते स्वतःच ओळंब्यात येतं. तरी स्पिरिट लेव्हल पाइपवर दोन बाजूंनी, काटकोनात लावून बघायचीच. तिरपेपणा दोन अंशांच्या आत. पहिला एक मीटर ज्या कोनात जातो त्याच कोनात पुढचा सगळा पाइल जातो, नंतर आर्मने ढकलून सरळ करायला गेलात तर पाइप वाकतो.

ऑपरेटरचं खरं कौशल्य असं: आर्म एकटा खाली आणला तर हेड कमानीत फिरतं आणि पाइलला स्वतःकडे ओढतं. म्हणून बूम आणि आर्म एकत्र हलवून हेड सरळ रेषेत उतरवावं लागतं. आणि खाली दाब किती द्यायचा? पातं स्वतः खाली ओढलं जाईल एवढाच. सुरुवातीला, पातं मातीत पकड घेईपर्यंत, थोडा जास्त.

दाब बरोबर आहे का हे अंदाजाने ठरवू नका. पाइपवर खडूने दर 300 मिलिमीटरला खूण करा. पात्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पाइल जेवढा खाली जायला हवा ते अंतर, साधारण 75 मिलिमीटर असतो, म्हणजे चार फेऱ्यांत 300 जायला हवं. निदान 85 टक्के, म्हणजे 255 तरी. त्यापेक्षा कमी जात असेल तर पातं जागच्या जागी माती मोडतंय, आणि त्या वेळी दिसणाऱ्या टॉर्कला काहीही अर्थ नाही. तो क्षमतेच्या हिशेबात धरायचा नाही.

खुणा करणारा आणि वाचणारा माणूस आर्मच्या टप्प्याबाहेर उभा राहील. फिरत्या पाइलला हात लावून आधार देणं आपल्याकडे सर्रास दिसतं. हातमोजा किंवा बाही जोडाच्या बोल्टमध्ये अडकायला एक फेरा पुरतो.

प्रत्येक खुणेला खोली, इनलेट, आउटलेट आणि टॉर्क लिहायचा. टॉर्क अचानक चढला तर दगड. पाव फेरा उलट, पुन्हा सुलट, हलका दाब. दोनदा जमलं नाही तर पाइल काढून थोडा सरकवा, पण ते डिझाइनवाल्याला विचारून. टॉर्क अचानक पडला तर मऊ थर असेल, किंवा पात्याचं वेल्ड सुटलं असेल. मऊ थरात पाइल नेहमीसारखा पिच घेत खाली जातो. वेल्ड सुटलं असेल तर हेड फिरत राहतं आणि खूण हलत नाही.

ठरलेली खोली आणि ठरलेला टॉर्क, दोन्ही हवेत. टॉर्क शेवटच्या सुमारे एक मीटरच्या सरासरीने धरतात, एका क्षणाच्या उंच आकड्याने नाही. आणि सगळ्यात वरचं पातं जमिनीखाली त्याच्या व्यासाच्या निदान पाचपट खोल गेलेलं असावं. थोडं खोल गेलं म्हणून पाइल उलट फिरवून वर घ्यायचा नाही, पात्यावरची माती सैल होते. जास्तीचा पाइप कापा आणि कापल्या जागी झिंकचा कोट द्या.

हे तंत्र नवं नाही, बरं का. अलेक्झांडर मिचेल या अंध आयरिश इंजिनिअरने 1833 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि 1860 च्या दशकात बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेने मुंबई-बडोदा मार्गावरच्या पुलांना ओतीव लोखंडाचे स्क्रू पाइल घातले. नर्मदेवर, वसईच्या खाडीवर.

पण म्हणून महाराष्ट्रात सगळीकडे चालतं असं नाही. कातळ आणि दगडगोटे असलेल्या मुरमात पातं वाकतं. तिथे आधी ऑगरने (गिरमिटाने) बारीक पायलट होल घ्यावं लागतं, किंवा हा प्रकार सोडून द्यावा लागतो. खाडीच्या मऊ चिखलात उलट अडचण: टॉर्क मिळतच नाही, पाइल वाढवत जावं लागतं, आणि बारीक चौकोनी सळी तिथे भाराखाली बाजूला वाकू शकते. पाइपच वापरा.

काळ्या मातीचा सापळा सगळ्यात छुपा. मे महिन्यात ती वाळून दगडासारखी होते. दोन मीटरवर हेडला टॉर्क मिळतो, काम संपलं असं वाटतं. पावसाळ्यात तीच माती फुगते, मऊ पडते आणि पाइलला वर उचलते. काळ्या मातीत फुगण्या-आकसण्याचा पट्टा साधारण 3.5 मीटरपर्यंत धरतात. पाती त्याच्या खाली गेली पाहिजेत, वर कितीही टॉर्क मिळाला तरी. मध्येच रिलीफ सुटत असेल तर मोठं हेड किंवा जास्त मर्यादेचा पाइप घ्या, खोली कमी करू नका.

के-टी हा शेवटी अनुभवातून आलेला गुणक आहे. नवीन जागेवर पहिले एक-दोन पाइल आयएस 2911 (पाइलचं भारतीय मानक) भाग 4 प्रमाणे भार देऊन तपासा, त्या जागेचा स्वतःचा गुणक काढा आणि मग बाकीचे पाइल त्या आकड्याने बसवा. चिकणमातीत पाइल बसवल्या दिवशीच चाचणी घेऊ नका. ढवळलेली माती पुन्हा सावरायला काही दिवस लागतात, आणि लगेच घेतलेली चाचणी पाइलला नाहक नापास करते.