स्पिटफायर नंतर, आधी ते घड्याळ बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच घोशा: "दादा, बॅटल ऑफ ब्रिटनमधल्या स्पिटफायरवर बोला." स्पिटफायर म्हणजे ब्रिटिशांचं लढाऊ विमान. बोलतो, पण थोडा हिरमोड होईल.

पार्श्वभूमी पटकन. जून १९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडला. इंग्लंडवर सैन्य उतरवायचं तर आधी आकाश ताब्यात हवं, म्हणून लुफ्तवाफ, म्हणजे जर्मन हवाई दल, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सवर तुटून पडली. जुलै ते ऑक्टोबर, हीच बॅटल ऑफ ब्रिटन. तुम्हाला पाठ आहे, पुढे.

"रडार होतं म्हणून वाचले" ही कमेंट वाचली की डोकं फिरतं माझं. अहो, ब्रिटिशांचं किनाऱ्यावरचं चेन होम रडार फक्त समुद्राकडे बघायचं! विमानं किनारा ओलांडून आत आली की भिस्त ऑब्झर्व्हर कोअरच्या स्वयंसेवकांवर. दुर्बीण, कान आणि टेलिफोन. शिवाय शत्रूच्या विमानांची एकच टोळी तीन रडारांना दिसली, तर त्या तीन टोळ्या नव्हेत, हे बेंटली प्रायरीच्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या मुख्यालयाच्या, फिल्टर रूममध्ये निवडावं लागे.

आणि खरी मेख पुढेच. आग्नेय इंग्लंड सांभाळणाऱ्या ११ ग्रुपच्या अक्सब्रिजमधल्या तळघरात नकाशाचं मोठं टेबल, भिंतीवर घड्याळ. घड्याळावर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे. बातमी आली तेव्हा काटा ज्या रंगावर, त्या रंगाचा बाण टेबलावर, शत्रू दिसला त्या जागी. भाच्याला हे दाखवत होतो, तर म्हणे, "एकच रंग का नाही?" अरे, बॉम्बर मिनिटाला साधारण ५ किलोमीटर जातं. ५ मिनिटं शिळी बातमी म्हणजे २५ किलोमीटरची चूक! रंग बघून वरच्या सज्जातल्या, विमानं पाठवणाऱ्या कंट्रोलरला कळायचं, कुठल्या बाणावर भरवसा ठेवायचा.

हे नसतं तर? दिवसभर विमानं हवेत घिरट्या घालत ठेवावी लागली असती. पेट्रोल संपणार, वैमानिक थकणार, आणि शत्रू नेमका ते उतरल्यावर येणार. वैमानिकांचीच तर टंचाई होती.

हो, स्पिटफायर. देखणं विमान, वाद नाही. पण तेव्हा हरिकेन, ब्रिटिशांचं दुसरं लढाऊ विमान, संख्येने जास्त होती, तिला कोणी विचारत नाही!

ही सगळी यंत्रणा बसवणारे लढाऊ विमानांच्या दलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग. नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांना पदावरून हटवलं, डिसेंबरमध्ये ११ ग्रुपचे प्रमुख कीथ पार्क यांनाही. मोठ्या संख्येने एकदम उडा म्हणणाऱ्या 'बिग विंग'वाल्यांशी या दोघांचं वाजलं होतं. तुमच्यातले बिग विंगवाले असतीलच. या खाली भांडायला, पण ती विमानं जमून वर चढायला लागणारा वेळ धरून बोला.