लाइट कोण बंद करतं?

स्क्रीनवर दिसतंय ते साधं लाइटचं बटण आहे. रात्री ते कधी बंद करायचं हे तुम्हीच ठरवता ना? दिव्यांगांच्या संस्थेत राहणाऱ्यासाठी मात्र नऊ म्हणजे नऊ, झोप येवो न येवो, आणि शेजारच्या कॉटवर कोण, अंघोळीला कधी, जेवायला काय, यातलं त्याला कुणी काहीच विचारत नाही. काळजी घेतात हो, नाही असं नाही.

अमेरिकेतला एड रॉबर्ट्स. १९५३ ला, चौदाव्या वर्षी पोलिओ, मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं, आणि रात्री श्वासासाठी आयर्न लंग नावाच्या भल्यामोठ्या लोखंडी नळकांड्यात झोपायचं. १९६२ ला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅडमिशन झाली, पण ते अवजड यंत्र होस्टेलच्या खोलीत ठेवणार कसं, मग गडी राहिला कॅम्पसवरच्या हॉस्पिटलात. हळूहळू तिथं आणखी दिव्यांग विद्यार्थी आले. त्यांच्यातूनच पुढं १९७२ चं इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटर उभं राहिलं, म्हणजे दिव्यांगांना स्वतःच्या मर्जीनं, स्वतंत्र जगायला मदत करणारं केंद्र. कामं एकदम रोजची: मदतनीस शोधून देणं, घर बघणं, व्हीलचेअर रिपेअर. आणि गंमत बघा, कॅलिफोर्नियाच्या ज्या सरकारी पुनर्वसन खात्यानं 'हा काय काम करणार' म्हणून एडला आधी मदत नाकारलेली, १९७५ ला त्याच खात्याचा प्रमुख हा!

लोइस कर्टिस आणि एलेन विल्सन या दोन दिव्यांग बायकांना मात्र कोर्टात जावं लागलं. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात सरकारी मनोरुग्णालयात होत्या, डॉक्टर स्वतःच म्हणत होते की या बाहेर राहू शकतात, तरी सोडेनात. शेवटी २२ जून १९९९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गरज नसताना असं कोंडून ठेवणं हा भेदभावच. कर्टिस नंतर चित्रं काढायची, स्वतःच्या घरात.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या २००६ च्या करारात कलम १९ आहे. कुठं राहायचं, कुणासोबत राहायचं, हे दिव्यांग माणसानं ठरवायचं, बाकीच्यांसारखंच. २०१७ ला त्यांच्या समितीनं अजून स्पष्ट केलं की शंभर जणांची संस्था सोडा, एकट्याचं घर असलं तरी निर्णय दुसऱ्याच्याच हातात असतील तर त्याला स्वतंत्र जगणं म्हणता येत नाही. हे घरच्यांनाही लागू होतं बरं का, तिथं जरा अवघड जातं ऐकायला.

आता पुन्हा तेच बटण बघा, पण या वेळी दिव्यांग माणसाच्या स्वतःच्या खोलीत. साडेअकरा वाजलेत, मदतनीस बटणापाशी उभा आहे. बंद करू का?

थांब रे, दोन पानं राहिलीत.