धोटा, शटल आणि सीयूईटी

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावच्या वडगावात माझ्या ओळखीचं एक घर आहे. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागं स्वयंपाकघर आणि जिन्याखाली जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा. त्या जागेत एक मुलगी अभ्यासाला बसते. माग चालू असले की घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळं तिला अभ्यासात कुणी हाकही मारत नाही. गेल्या वर्षी ती माझ्याकडं एक जाडजूड गाइड घेऊन आली. त्यात पाच हजार इंग्रजी शब्द. "सर, रोज शंभर पाठ केले तर होतील की ओ पन्नास दिवसांत?"

मी म्हटलं, होतील. एक्कावन्नाव्या दिवशी त्यातले किती राहतील, ते मात्र विचारू नकोस.

तर आजचं बोलणं अशा मुलांसाठी. पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, करून सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची परीक्षा देणाऱ्या, आणि त्यातल्या इंग्रजीच्या पेपरला घाबरणाऱ्या. ही परीक्षा 2022 साली सुरू झाली. कलबुर्गीजवळ कडगंचीला आपलं कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथं जायचं असो, नाहीतर हैदराबाद, दिल्लीच्या केंद्रीय विद्यापीठांत, पदवीचा दरवाजा बहुतेक हाच. 2025 च्या परीक्षेत इंग्रजीचे पन्नास प्रश्न होते, सगळे सक्तीचे, वेळ साठ मिनिटं. उतारे, वाक्यांची जुळवाजुळव, योग्य शब्द निवडणं, समानार्थी, विरुद्धार्थी. सगळं कॉम्प्युटरवर, चारांतला एक पर्याय निवडायचा. तुमच्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः उघडून बघा, कारण नियम बदलत आलेत. शेजारच्या दादानं सांगितलेला पॅटर्न त्याच्या वर्षीचा असतो.

लक्षात घ्या, यात बोलायचं काही नाही आणि लिहायचंही काही नाही. तरी पालक काय करतात? 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशी पाटी दिसली की पैसे भरून मोकळे होतात. फाडफाड बोलता आलं तर आनंदच आहे हो, पण या पेपरात त्याचा एक मार्क मिळत नाही. इथं वाचता येतं का, एवढंच बघतात. आणि आपली अडचण नेमकी तिथंच आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं पीयूसीला एकदम इंग्रजी, आणि परीक्षेला नोट्समधली प्रश्नोत्तरं पाठ. न पाहिलेला उतारा शांतपणे शेवटपर्यंत वाचायची वेळच येत नाही. सीयूईटीत मात्र सगळे उतारे न पाहिलेलेच.

आता त्या मुलीचं सांगतो. गाइड मी बाजूला ठेवायला लावलं आणि एक उतारा दिला. त्यात एक वाक्य होतं, एक व्यापारी वर्षानुवर्षं दोन गावांच्या मधे 'शटल' करत राहिला, असं. ती थांबली. म्हणाली, "सर, शटल म्हणजे आमचा धोटा ना?" धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन फिरणारा तुकडा, कन्नडात लाळी. घरात मराठी कन्नड दोन्ही चालतं, त्यामुळं तिला दोन्ही शब्द माहीत. मी म्हटलं, धोटा काय करतो? तिनं हातानं दाखवलं, इकडून तिकडं, तिकडून इकडं, मधे कांडीतलं सूत सुटत जातं. मग दोन सेकंद गप्प. "म्हणजे तो येऊनजाऊन होता!"

झालं की. पाच हजारांच्या गाइडात 'शटल' असता, तर तिनं तो वाचून दुसऱ्या दिवशी विसरला असता. हा शब्द आता तिच्या डोक्यातून जायचा नाही, कारण तो तिच्या घरात दिवसभर खटखटतोय. शब्द वाक्यात भेटला पाहिजे, आणि त्याला आपल्या घरातलं काहीतरी चिकटलं पाहिजे. म्हणून मी तिला वही करायला लावली. एका पानावर तीन रकाने. पहिल्यात शब्द जिथं भेटला ते आख्खं वाक्य, दुसऱ्यात मराठी किंवा कन्नड, जे आधी सुचेल ते, तिसऱ्यात स्वतःच्या घरातलं एक वाक्य. दिवसाला सात-आठ शब्द. शंभर नकोत.

व्याकरणाकडं येऊ. आपल्या भागातल्या मुलांच्या चुका मी पस्तीस वर्षं तपासल्यात, आणि त्या चुकांचं मूळ बहुतेक वेळा आपल्या दोन भाषांत सापडतं. बघा, मराठीत आपण म्हणतो 'सोमवारपासून', आणि 'दोन वर्षांपासून' हेही म्हणतो. दोन्हीकडं 'पासून'. कन्नडात 'सोमवारदिंद' आणि 'एरडु वर्षदिंद', दोन्हीकडं 'इंद'. इंग्रजीत मात्र सोमवारला 'सिन्स' आणि दोन वर्षांना 'फॉर'. म्हणून आपला मुलगा बिनदिक्कत सांगतो, 'सिन्स टू इयर्स'. पुण्याचा मुलगा हीच चूक करतो, पण आपल्याकडं मराठी आणि कन्नड दोघी मिळून चुकवतात. मग ओळखायचं कसं? काळ कुठून सुरू झाला ते सांगितलंय, वार, साल, सकाळ, तर 'सिन्स'. किती काळ गेला ते मोजलंय, दिवस, महिने, वर्षं, तर 'फॉर'.

दुसरा जाच 'अ' आणि 'द' चा. आपल्या भाषेत हे नाहीतच, असं सगळे म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. 'परवा एक माणूस आला होता. त्या माणसानं पत्ता विचारला.' पहिल्यांदा 'एक', दुसऱ्यांदा 'त्या'. हेच ते 'अ' आणि 'द'. मराठीत ते प्रत्येक वेळी लागत नाहीत, एवढाच फरक. या युक्तीनं निम्मं काम होतं. उरलेलं, म्हणजे सूर्याला 'द' का आणि गावाच्या नावाला बहुधा का नाही, हे वाचून वाचूनच अंगवळणी पडतं.

हीच युक्ती वाक्यांच्या जुळणीला चालते. 'त्यानं ती खिशात घातली' हे वाक्य पहिलं कसं असेल? त्यानं म्हणजे कुणी, ती म्हणजे काय? आधी महादूला रस्त्यात किल्ली सापडली पाहिजे. सर्वनामाचं बोट धरून मागं गेलं की नाम सापडतं. 'पण', 'म्हणून', 'तरीही' हे शब्द कुठं आहेत ते आधी बघायचं, मग जुळणी फार त्रास देत नाही.

आणि आता ज्यावरून माझं क्लासवाल्यांशी भांडण आहे ते. 2025 च्या नियमांत बरोबर उत्तराला पाच मार्क आणि चुकीला एक वजा. सगळे सांगतात, येत नसेल तर सोडून द्या. अहो, गणित तर करा! चार प्रश्न डोळे मिटून ठोकले, तर सरासरीनं एक बरोबर येणार, तीन चुकणार. पाच वजा तीन, दोन मार्क हातात. दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत एवढं कळलं आणि उरलेल्या दोनांतून ठोकलं, तर दर प्रश्नाला सरासरी दोन मार्क. नशीब एखाद्या दिवशी उलटंही फिरेल, पण कोरं ठेवलेल्या प्रश्नाचं शून्य ठरलेलं. म्हणून आधी येणारे सोडवा, शेवटची पाच मिनिटं राखा आणि एकही प्रश्न कोरा ठेवू नका. नियम बदलला तर हिशेब पुन्हा मांडा.

वेळेचं थोडक्यात. एका प्रश्नाला बहात्तर सेकंद येतात. शब्दांचे प्रश्न वीस-पंचवीस सेकंदांत उरका, राहिलेला वेळ उताऱ्यांना.

वाचायला काय घ्यायचं? एनसीईआरटीची अकरावी-बारावीची इंग्रजी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. रोज एका इंग्रजी पेपरचा अग्रलेख. आणि आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र ऐका. मराठी बातम्या आधी ऐकलेल्या असल्या की बातमी ओळखीची असते, मग शब्द आपोआप कळत जातात.

परवा त्या मुलीची वही चाळली. शेवटच्या पानावर 'वार्प' हा शब्द होता. दुसऱ्या रकान्यात 'ताणा', म्हणजे मागावरचं उभं सूत. खाली पेन्सिलीनं, 'लाकूड ओलं होऊन वाकडं झालं तरी हाच शब्द.' तिसऱ्या रकान्यात घरातलं वाक्य होतं: 'आमच्या मागल्या दाराची फळी पावसात वार्प झाली आहे, बाबा बघतो म्हणतात.'

दार अजून तसंच आहे. नमस्कार.