ऑपरेशननंतरची चिघळणारी जखम

नमस्कार श्रोतेहो. मी त्वचारोगाची डॉक्टर. आज पायोडर्मा गँग्रीनोसम नावाच्या एका दुर्मिळ आजाराबद्दल बोलते. वर्षाला दहा लाखांत मोजक्याच माणसांना तो होतो.

पोट कमी करण्याचं, स्तन लहान करण्याचं ऑपरेशन आता खानापूर-निपाणीकडच्या बायकाही करून घेतात. पुण्याला, बेंगळुरूला जातात आणि घरी आल्यावर सांगतात, "हर्नियाचं केलंय." लाजू नका हो. जखम बिघडली, तर निदान डॉक्टरला तरी खरं सांगा.

कारण क्वचित असं होतं, की काही दिवसांत टाक्यांपाशी पुळी येते, ती फुटते, जखम पसरते. कडा जांभळट, आतून पोखरलेली. आणि वेदना अशी, की कपडा लागलेला सोसवत नाही. ताप येतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढतात. साहजिकच जंतुसंसर्ग वाटतो. अँटिबायोटिक बदलून बदलून दिली जातात, मग जखम कापून साफ करतात. आणि ती दुप्पट होते!

हाच तो पायोडर्मा गँग्रीनोसम. १९३० मध्ये हे नाव ठेवणाऱ्या डॉक्टरांनाही तो जंतूंचाच वाटला होता. प्रत्यक्षात तो गँग्रीन नव्हे, संसर्गही नव्हे. शरीराची संरक्षणव्यवस्थाच भडकते, आणि सुरी किंवा सुई लागली की त्या जागी आणखी पेटते. स्तनाच्या ऑपरेशननंतर एक खूण मिळते: टाके चिघळतात, पण स्तनाग्र बहुधा शाबूत राहतं.

म्हणून पुन्हा कापण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला बोलवायला सांगा. खरा संसर्गही जीवघेणा असतो, तेव्हा पू तपासायचा, कडेचा तुकडाही तपासायचा. त्यात वेळ घालवायचा नाही. घरी हळद, पाला बांधून बसू नका.

निदान पक्कं झालं, की भडकलेली संरक्षणव्यवस्था शांत करणारं औषध, म्हणजे स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन देतात. त्याआधी क्षयाची आणि साखरेची तपासणी हवी. दुखणं बहुधा लवकर उतरतं, जखम मात्र सावकाश भरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत दोन्ही औषधांनी सहा महिन्यांत जवळपास निम्मेच रुग्ण बरे झाले होते. तेव्हा बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका.

काहींना आतड्याची सूज किंवा संधिवात असतो, तोही शोधावा लागतो. आणि पायोडर्मा गँग्रीनोसम हे नाव कार्डावर लिहून घ्या, मराठीत, कन्नडमध्ये, कसंही. पुढे अपेंडिक्सचं ऑपरेशन करायचं झालं, तरी सर्जनला ते आधी दाखवायचं.